सतरा स्प्रिंगा

गाव, ता. माणगाव
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

रत्नपाल दादांना जय भीम.

खोकं उघडायच्या आधी हे पत्र वाचावं म्हणून ते सगळ्यात वर ठेवलं आहे. नऊ महिन्यांत तुम्ही अकरा वेळा फोन केलात आणि मी एकदाही उचलला नाही. यापुढेही उचलणार नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते, हे पंचवीस वर्षं झालं. कागदावर निदान दोघांना सारखी जागा मिळते.

खोक्यात तुमच्या धाकट्या भावाचा, आमच्या ह्यांचा कीबोर्ड आहे. न्हावा शेव्याच्या तुम्हा दोघांच्या कंटेनर यार्डाच्या ऑफिसातून तो भंगारात निघाला होता आणि ह्यांनी मागून घेतला होता. तुमच्या लक्षात असेलच, कारण तुम्हीच त्याला ‘हितेशचं तान्हं’ म्हणायचात. रोज पिशवीत घालून उरणच्या आमच्या खोलीवरून ऑफिसला न्यायचे, रोज परत आणायचे. रिटायर होईपर्यंत तेवीस वर्षं हेच चाललं आणि सगळं यार्ड हसलं. तुम्ही जरा जास्त हसलात.

आता तो प्रज्ञाला हवा आहे. माणगावात तिचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे बापाची आठवण म्हणून वापरायचा म्हणते. पण बोटांना तो एकसारखा लागत नाही. काही बटणं जड आहेत, काही नुसत्या स्पर्शाने आत जातात. सकाळी एक लागतो, दुपारी दुसरा.

निवृत्तीनंतर तुम्ही जुने कीबोर्ड दुरुस्त करता आणि पुण्या-बंगळुरूची मुलंसुद्धा तुमच्याकडे पाठवतात, असं ऐकते. म्हणून पाठवला. माझं मागणं एवढंच की कुठलं बटण कसं लागतं आणि तसं का लागतं, ते बघून मला लिहून कळवा. दुरुस्तीची घाई नको. आधी लिहा.

सोळा फेब्रुवारीला ह्यांचा पहिला स्मृतिदिन आहे. रविवारच आहे. घरातले मोठे म्हणून तुम्हाला चार शब्द बोलावे लागतील. ते गेल्यावर जलदान विधीला तुम्ही काय बोललात ते गावाला अजून पाठ आहे: “माझा भाऊ मनानं चांगला, पण हातानं कष्ट करणं त्याच्या अंगात नव्हतं.” या वेळी काय बोलायचं याचा विचार करायला तुमच्याकडे जवळजवळ तीन महिने आहेत.

जयमाला


उरण
३ डिसेंबर २०२४

जयमाला, जय भीम.

खोकं पोचलं. तुझं पत्रही पोचलं, आणि ते कीबोर्डापेक्षा जड निघालं. मास्तरीण पत्रात सुद्धा छडी घेऊनच बसते. असो, माणूस गेल्याचं दुःख आहे, मी समजू शकतो.

कीबोर्ड पाहून मात्र जीव सुखावला. हल्ली असा माल बनत नाही. प्रत्येक बटणाखाली एक छोटी पेटी, पेटीत एक सरकता दट्ट्या, त्याखाली स्प्रिंग आणि बाजूला पातळ पात. दट्ट्या त्या पातीवरून घसरला की ‘टक’ असा आवाज येतो. या पेट्यांची झाकणं दोन टाचण्यांनी उघडतात, सोल्डरिंगचा डाग काढावा लागत नाही. म्हणून हौशी माणसं त्यात बोटं घालतात आणि वाट लावतात.

आधी मला खाऱ्या हवेचा संशय आला. आपल्याकडे लोखंड टिकत नाही ते नाहीच. पण गंज थोडाच निघाला. मग कारण सापडलं, आणि तुला सांगतो, चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. पेट्यांत खोबरेल! अगं, कीबोर्ड होता की आंबाडा? थंडीत खोबरेल गोठतं हे तुला मी सांगायला हवं? खात्री करायला कीबोर्ड अर्धा तास गच्चीवर उन्हात ठेवला, तर सगळी बटणं मोकळी झाली. मग तासभर फ्रिजमध्ये ठेवला, तर सगळी चिकटली. फ्रिज उघडून तुझी जाऊ म्हणाली, “आता भाजी कपाटात ठेवते, तुमचं ह्ये आतच राहू द्या.” तर सकाळी एक आणि दुपारी दुसरा, याचं उत्तर हे आहे.

आता सगळ्या पेट्या उघडून धुतो. मग एकेका बटणाचा भार मोजतो. त्याला माझ्याकडे साधी युक्ती आहे. कागदाची नळी करून बटणावर उभी करायची आणि त्यात एकाच सालची रुपयाची नाणी एकावर एक सोडत जायची. कितव्या नाण्याला बटण खाली जातं ते बघायचं. अशा कीबोर्डाचं चांगलं बटण बाविसाव्या नाण्याला जातं.

जलदानाच्या वेळचं तू फार मनाला लावून घेतलंस. मी काही वाईट बोललो नाही. हितेश खुर्चीवरच्या कामात रमला, हे खरंच आहे ना? त्यात त्याचा अपमान कुठला? तरी स्मृतिदिनाला नीट बोलेन, काळजी करू नकोस. प्रज्ञाला आशीर्वाद.

रत्नपाल


गाव
१२ डिसेंबर २०२४

रत्नपाल दादांना जय भीम.

खोबरेल मी घातलं. पावसाळ्यात बटणं करकरायला लागली, तेव्हा दिवेआगरच्या मैत्रिणीने दिलेलं घाण्याचं तेल घरात होतं, तेच कापसाने सोडलं. शिलाई मशीनला घालतो, दाराच्या बिजागरीला घालतो, म्हणून इथेही घातलं. तुम्हाला हसायला मिळालं, त्याचं मला काही नाही. त्यांच्यानंतर त्या वस्तूला हात लावणारं दुसरं कोणी नव्हतं.

पण दादा, वर्गातल्या पोरांना विचारते तसं विचारते. तेल मी सगळ्या बटणांत सारखंच सोडलं होतं. मग धुतल्यावर सगळी बटणं सारखी लागायला हवीत. लागतात का? तेल हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं लिहा.

मला आणखी एक आठवतं, ते तुमच्या उपयोगी पडेल. नव्याण्णव साली ऑफिसात टायपिंगची चाचणी होती, तिच्याआधी दोन महिने हे रोज संध्याकाळी उरणच्या खोलीपुढच्या पडवीत बसून सराव करायचे. कंटेनरचे नंबर, चार अक्षरं आणि सात आकडे. मी भाकऱ्या थापताना ऐकायचे. टक, टक, टक, आणि मग मध्येच आवाज नाही. पुन्हा टक, टक, आणि पुन्हा आवाज नाही. मला वाटायचं थांबले. बघायला जायचे तर बोटं चालूच असायची.

इकडे भाताची झोडणी आटपली. पेंढ्यांची उडवी रचताना शेजारच्या ठमाबाई होत्या मदतीला. बोलता बोलता म्हणाल्या, “तुजा नवरा असता तरी काय उपेग व्हता गो? त्याला कधी पेंढी उचलाया नको, कुदळ धरावी न्हाय. खुर्चीवरचा मानूस त्यो.” मनाने वाईट नाहीत हो त्या. गावात सगळे म्हणतात तेच त्यांनी म्हटलं. आणि सगळे म्हणतात ते कुणाकडून आलं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या उत्तराची वाट बघते. घाई नाही, पण टाळाटाळही नको.

जयमाला


उरण
३१ डिसेंबर २०२४

जयमाला, जय भीम.

उशीर झाला. मध्ये दोन दिवस काम बंद ठेवलं होतं, तब्येत बरी नव्हती.

कीबोर्ड तयार करून सोबत पाठवतो आहे. सतरा पेट्यांत हितेशने काहीतरी उद्योग करून ठेवला होता. मूळच्या स्प्रिंगा काढून बॉलपेनातल्या स्प्रिंगा कापून घातल्या होत्या, आणि पाती काढून टाकल्या होत्या. म्हणून आवाज येत नव्हता. पोरखेळ, दुसरं काय. त्याला असल्या खटपटी आवडायच्याच.

माझ्याकडे त्याच जातीचा एक मेलेला कीबोर्ड पडला होता. त्याच्या स्प्रिंगा आणि पाती काढून या सतरांमध्ये घातल्या. आता एकूण एक बटण बाविसाव्या नाण्याला जातं आणि एकूण एक बटण टक करतं. डोळे मिटून दाबलंस तर कुठलं बटण ते ओळखता येणार नाही. इतका एकसारखा कीबोर्ड मी आजवर कुणाला करून दिला नाही. प्रज्ञा खूश होईल.

स्मृतिदिनाचं लक्षात आहे. हितेशच्या साधेपणावर बोलेन म्हणतो. विहाराच्या कमिटीलाही निरोप दिला आहे.

रत्नपाल


गाव
९ जानेवारी २०२५

दादा,

आज जय भीम लिहायला हात होत नाही.

तुमची नाण्यांची युक्ती प्रज्ञाने खोकं पाठवायच्या आधीच मोबाइलवर बघून करून ठेवली होती. दुपारच्या उन्हात, बटणं मोकळी असताना, प्रत्येक बटणावर नळी ठेवून, नाणी सोडून, वहीत आकडे लिहिले. ती वही माझ्यासमोर आहे. तुम्ही न लिहिलेलं तिच्यातून वाचून दाखवते.

डाव्या हाताची सगळी बटणं बावीस-तेवीस. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट जिथे पडतं, तीही बावीस. अनामिकेची बटणं म्हणजे वरचा नऊ, ओ, एल आणि पूर्णविराम, ती बाराव्या नाण्याला. करंगळीची म्हणजे शून्य, पी, त्याखालची दोन, खोडायचं बटण आणि मोठं एंटर, ती आठव्याला. बाजूच्या आकड्यांच्या चौकोनात नऊ, सहा, तीन आणि टिंब बारावर, अधिक-उणे आठवर. आणि शेवटचं छोटं एंटर, जे प्रत्येक कंटेनरच्या नोंदीला एकदा दाबावं लागतं, ते सहाव्या नाण्याला. सतरा झाली. तुमचीही सतराच.

हा पोरखेळ होता? दादा, सतरा पेट्या तुम्ही स्वतःच्या हाताने उघडल्यात. उजव्या हाताची दोन बोटं सोडून एकही नाही, हे तुम्हाला दिसलं नाही? की दिसलं म्हणूनच दोन दिवस काम बंद होतं?

कारण त्या बोटांतलं बळ कधी गेलं ते तुम्हाला माझ्याआधी माहीत. अठ्ठ्याण्णवचा जून. वाऱ्याने कंटेनरचं दार फिरलं आणि ह्यांचा हात चौकटीत सापडला. दार अडकवून ठेवायचा हूक तुटलेला होता. हूक बदलायचं काम तुमच्या दुरुस्ती खात्याचं, आणि आठ दिवस ते तुमच्याकडे पडून होतं. तुम्ही अहवाल लिहिलात: कामगाराने दार नीट अडकवलं नाही, बोटांना किरकोळ मार, कामास योग्य. आणि खाली भावाची सही घेतलीत, डाव्या हाताची. वीस दिवसांत त्यांना परत यार्डात उभं केलं. हातातून गज निसटला की लोक म्हणायचे ढिला आहे. मग ह्यांनी टेबलाचं काम मागितलं, तर म्हणायला लागले कामचुकार आहे. टेबलावर राहायचं तर चाचणी होती. बोटांत बळ नाही हे लपवायला ह्यांनी पेनातल्या स्प्रिंगा कापल्या, एकेक बटण आपल्या बोटांच्या मापाचं करून घेतलं. असा तो ‘तान्हं’ झाला.

मला हे पहिल्यापासून माहीत होतं. पट्टी मीच बदलायचे. पण ह्यांनी माझ्याकडून शब्द घेतला: “तू कुणापाशी बोलायचं नाहीस. दादाची नोकरी जाईल. बोलायचं तर दादाच बोलेल.” मी सव्वीस वर्षं मूग गिळून बसले. प्रज्ञालासुद्धा सांगितलं नाही, तिला नाण्यांनी सांगितलं. जलदानाला तुम्ही माईक हातात घेतलात तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. तुम्ही बोललात, पण काय ते सगळ्यांनी ऐकलं.

होय, कीबोर्ड पाठवून मी तुमची परीक्षा घेतली. मला वाटलं, माझ्या तोंडून ऐकवत नसेल तर स्वतःच्या बोटांनी वाचतील आणि लिहितील. तुम्ही वाचलंत, आणि पुसून टाकलंत. त्यांच्या हाताचा तेवढाच एक पुरावा या जगात उरला होता आणि तुम्ही तो एकसारखा करून दिलात.

मला त्या सतरा स्प्रिंगा परत हव्यात. आणि सोळा तारखेला, ज्या गावासमोर तुम्ही त्यांचं नाव घालवलंत, त्याच गावासमोर तुम्ही ते परत करायचं. मला दुसरं काही नको.

जयमाला


उरण
१९ जानेवारी २०२५

जयमाला,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

चौथी पेटी उघडली तेव्हाच मला कळलं. तीनपर्यंत मी शिव्या घालत होतो. चौथीत ती पेनातली स्प्रिंग दिसली आणि मी सहज माझी उजवी करंगळी त्या बटणावर ठेवली. मग पुढचं बटण कुठलं असेल ते मला उघडायच्या आधीच कळत गेलं. सगळी माझ्या अंदाजाप्रमाणेच निघाली. मी सामान तसंच टाकून उठलो. दोन दिवस त्या टेबलाकडे फिरकलो नाही.

त्याच्या हाताला टॉवेल मीच बांधला होता. यार्डाच्या जीपमध्ये तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता, आणि एकच वाक्य परत परत बोलत होता: “दादा, आयेला सांगू नको.” दुसरं काही बोलला नाही. हुकाबद्दल तर एक शब्दही नाही. दवाखान्यात पोचायच्या आधीच मला कळून चुकलं की हा बोलणार नाही, आणि मी त्याचा फायदा घेतला. हे मी पहिल्यांदाच कुणाला लिहितो आहे. बायकोलाही माहीत नाही.

तू म्हणशील सारवासारव करतो, पण तेव्हाची परिस्थिती आठव. आमचे वडील, रामजीबाबा, जाऊन वर्ष झालं नव्हतं. आये अंथरुणावर. माझी दोन मुलं शाळेत. मला काढून टाकलं असतं तर दोन्ही घरं बसली असती. मी त्याला म्हटलं, “सही कर, पुढचं मी बघतो.” आणि खरंच बघणार होतो. टेबलाचं काम मिळावं म्हणून मीच साहेबांना भेटलो होतो. मग दिवस गेले. लोक त्याला नावं ठेवायला लागले तेव्हा गप्प राहणं सोपं होतं, नंतर त्यांच्यात मिसळून हसणं त्याहून सोपं झालं. एकच गोष्ट पंचवीस वर्षं बोलत राहिलं की ती आपल्यालाच खरी वाटायला लागते. जलदानाला मी ते बोललो तेव्हा, शपथेवर सांगतो, मला ते खरंच वाटत होतं.

स्प्रिंगा टाकल्या नव्हत्या. खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत घालून सोबत पाठवतो आहे. कुठली कुठल्या बटणाची ते आता मला सांगता येणार नाही, सगळ्या एकाच वाटीत धुतल्या होत्या.

पण गावासमोर हे माझ्याने होणार नाही. विहाराच्या पाटीवर माझं नाव आहे. लोक पोरांची लग्नं जमवायला, भांडणं मिटवायला माझ्याकडे येतात. सदुसष्टाव्या वर्षी मी त्यांच्यापुढे काय तोंड घेऊन उभा राहू? मी येतो, पहिल्या रांगेत बसतो, हितेश फार सोसणारा होता असं सांगतो. सोसणारा हा शब्द खरा आहे. तेवढ्यावर भागव.

रत्नपाल


गाव
२७ जानेवारी २०२५

दादा,

तुमचं पत्र फाडलं नाही. याच पाकिटात परत पाठवते आहे. जे चार माणसांत वाचता येत नाही ते मला घरात ठेवायचं नाही.

डबी मिळाली. प्रज्ञाने आणि मी शनिवार-रविवार बसून तुमच्या स्प्रिंगा आणि पाती काढल्या. मग ह्यांची एकेक स्प्रिंग घालून, नळी ठेवून, नाणी सोडून वहीशी ताडून बघितली. बाराची बाराला, आठाची आठाला, सगळी आपापल्या जागी बसली. तुम्हाला जमलं नसतं, पण वही असली की जमतं.

फक्त डबीत सोळाच आहेत. सहा नाण्यांची आली नाही. सगळ्यात आखूड, छोट्या एंटरची. तिच्याशिवाय ते बटण खाली जातं आणि वर येत नाही. प्रत्येक नोंदीनंतर ह्यांची करंगळी त्या बटणावर पडायची. चुकून राहिली असेल असं मी धरते.

ती पोस्टाने किंवा कुरियरने पाठवू नका. सोळा तारखेला सकाळी दहाला समाजमंदिरात स्वतः घेऊन या आणि सगळ्यांसमोर बसवा. बोलायला जमत नसेल तर बोलू नका. एवढी एक स्प्रिंग त्या पेटीत बसवलीत तरी मला पुरे आहे. माझ्या मागण्या आता इथपर्यंत खाली आल्या आहेत, दादा. याच्याखाली जागा नाही.

पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची ठेवते.

जयमाला


उरण
१३ फेब्रुवारी २०२५

जयमाला, जय भीम.

गुडघा फार धरला आहे. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं आहे. उरणहून माणगाव म्हणजे रस्ता कसा आहे ते तू जाणतेस.

स्प्रिंग माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिली होती. कागदाला चिकटवून पाठवतो. कार्यक्रम नीट पार पाडा.

रत्नपाल


गाव
१८ फेब्रुवारी २०२५

रत्नपाल दादांना,

तुमचं पाकीट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मिळालं. स्प्रिंग प्रज्ञाने बसवली. बटण आता खाली जातं आणि वर येतं.

कार्यक्रम कसा झाला ते कळवायला हवं, म्हणून लिहिते.

त्रिशरण, पंचशील झालं. ह्यांच्या फोटोला फुलं वाहून झाली. मग बोलायची वेळ आली, आणि सगळे तुमच्या खुर्चीकडे बघायला लागले. मी उठले. मी ह्यांना दिलेला शब्द मोडला नाही. फोटोशेजारच्या टेबलावर कीबोर्ड ठेवला होता, त्याच्याकडे हात करून एवढंच म्हटलं, “हा ह्यांचा कीबोर्ड. ह्यांनी स्वतःच्या हाताच्या मापाचा केला होता. एकेकाने या. दोन्ही हातांच्या करंगळीने एकेक बटण दाबा. आधी डावीकडचं, मग उजवीकडचं.” प्रज्ञा शेजारी उभी राहून कुठलं ते दाखवत होती.

पहिल्यांदा कुणी उठेना. लोकांना वाटलं, नवऱ्यामागे हिचं डोकं फिरलं. मग येसाजी मामा उठले. तुमच्याबरोबर यार्डात होते तेच. त्यांनी डावीकडचं दाबलं, टक झालं. उजवीकडचं छोटं एंटर दाबलं, काहीच आवाज नाही. पुन्हा दाबलं. मग तिथेच उभे राहून, कुणी विचारलं नसताना म्हणाले, “दार लागलं त्या दिशी मी तितं व्हतो. हूक तुटका व्हता. समद्यांना ठावं व्हतं.” त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. हुकांचं काम कुणाकडे होतं ते गावाला सांगावं लागत नाही.

त्यानंतर रांग लागली. एक्केचाळीस माणसं आली. नुसतं एकदा टक व्हायचं आणि मग नाही. भाकऱ्या थापताना मी ऐकायचे तसंच.

शेवटी ठमाबाई आल्या. त्यांनी ते बटण चार वेळा दाबलं. मग करंगळी तशीच वर धरून फोटोकडे बघत म्हणाल्या, “येवडंच बळ व्हतं व्हय रं बाबा? आनि मी तुला कुदळ धराया सांगत व्हते.” आणि रडायला लागल्या. मी नाही रडले. मला फार राग आला होता, दादा, आणि तो अजून गेलेला नाही. जे तुमच्या एका वाक्याने सव्वीस वर्षांपूर्वी झालं असतं, त्यासाठी मला माणसं रांगेत उभी करावी लागली, आणि ज्यांच्यासाठी केलं ते फोटोत होते.

तुमची खुर्ची मी सांगितल्याप्रमाणे पहिल्या रांगेत ठेवली होती, पाठीला तुमच्या नावाचा कागद लावून. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जात होते. ठमाबाईंचे पाय उभं राहून दुखायला लागले, तेव्हा बसायला दुसरी जागा नव्हती. प्रज्ञाने कागद काढला आणि त्यांना तिथे बसवलं. कार्यक्रम संपेपर्यंत त्या तिथेच होत्या.

कीबोर्ड आता क्लासात आहे. डावीकडे जड लागतो आणि उजवीकडे हलका. तो तसाच राहील, दुरुस्तीला पाठवणार नाही.

तुमच्या नावाचा कागद या पाकिटात घातला आहे. पुढच्या वर्षी तो लागणार नाही.

जयमाला